सतरावी पायरी

बडोद्यात चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून घरी बसलोय. दिवाळी अंकवाली मंडळी आली नि म्हणाली, "विनूभाऊ, तुमच्या धंद्यातले गमतीचे किस्से लिहून द्या ने. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हटलं. लिहायला बसलो तर गमतीचे दोनच आठवले. तिसरा आठवला तो गमतीचा नाही. मी एका माणसाला काम शिकवताना एक गोष्ट मुद्दाम सांगितली नाही, आणि त्यापायी त्याचं आणि त्याच्या बायकोचं जे झालं ते सांगायचंय. हलकंफुलकं हवं असेल त्यांनी पान उलटावं.

आमचं घर दांडिया बाजारात. आजोबा संस्थानच्या दफ्तरात, वडील शाळेत कारकून, दोन्ही काका मास्तर. अशा घरात मी गणितात दोनदा आपटलो आणि आयटीआयला गेलो. आई पाहुण्यांना सांगायची, "विनू इंजिनिअरिंग लाइनमध्ये आहे." काळी नखं लपवायला मी हात मागे धरून उभा राहायचो. लग्नाकार्यात नातेवाईक विचारायचे, "अजून गॅरेजमध्येच का रे?" आणि पुढच्याच वाक्यात, "आमची गाडी जरा बघून जा ना." या 'जरा'ला मी आयुष्यभर वैतागलो आहे.

पुढं पुढं कारेलीबागेत घरोघर गाड्या आल्या नि मी गॅरेज आवरून स्कूटरवर हत्यारांची पिशवी टाकून घरी जाऊन कामं करायला लागलो. त्यातलं रोजचं काम म्हणजे पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलणं. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात. तुम्ही पेडल दाबलं की तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड डिस्कला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. पॅड झिजण्यासाठीच असतात. झिजत आले की ओरडायला लागतात. ओरडले की बदलायचे. बस, एवढंच शास्त्र आहे, पण माणसं एवढंही करत नाहीत.

पादऱ्याचे एक शेठ होते. त्यांच्या गाडीचे पॅड झिजून निव्वळ लोखंड उरलं होतं, लोखंडावर लोखंड घासत होतं. म्हटलं, "शेठ, आवाज ऐकू नाही आला?" तर म्हणाले, "अवाज तो आवे छे, पण गाडी ऊभी तो रहे छे ने! अने टेप मोटेथी वगाडुं तो नथी संभळातो." गाडी थांबतेय ना, आणि गाणी मोठ्यानं लावली की आवाज येत नाही, हा त्यांचा इलाज. दुसरे आपलेच, मराठी, चांगले बँकेतले साहेब. ब्रेक चुं चुं करतात म्हणून त्यांनी बायकोच्या शिवणयंत्राचं तेल पॅडवर सोडलं होतं. आवाज गेला हो, पण ब्रेकही गेला! नशीब की सोसायटीच्या फाटकाशीच कळलं. मला फोन करून म्हणतात, "विनायक, आवाज तर गेलाय, मग थांबत का नाही?" शिकलेल्या माणसांच्या अकलेचे असे नमुने मी पुष्कळ पाहिले, आणि हसलोही पुष्कळ.

आता माझ्या अकलेचा नमुना.

मी काम शिकलो ते मगनकाका मिस्त्रींच्या हाताखाली. हात असा की इंजिनावर तळवा ठेवून सांगायचे काय बिघडलंय ते. पण कार्बुरेटरचं शेवटचं सेटिंग करायची वेळ आली की म्हणायचे, "विनू, चा लई आव." मी चहा घेऊन येईपर्यंत गाडी सुरेल चालत असायची. तीन वर्षं मी त्या एका स्क्रूच्या वेळेला चहा आणला. एकदा चिडून विचारलं तर हसले. "बधुं नहि आपवानुं, बेटा. एक चावी खिस्सामां राखवानी." सगळं द्यायचं नाही, एक चावी खिशात ठेवायची. आमच्या धंद्यात सगळे उस्ताद हेच करतात. शिकवतात, पण एक गोष्ट हातची राखतात, म्हणजे शिकलेला परत दारात येतो. मला तेव्हा राग आला होता. म्हटलं होतं, मी असं कधी करणार नाही.

टिपणीस सर मला शाळेत गणिताला होते. मी आपटलो तो त्यांच्याच विषयात. माणूस चोख. पाठ्यपुस्तकातलं कुठलं उदाहरण कुठल्या पानावर आहे हे न बघता सांगायचे. तीस वर्षांपूर्वीच्या मुलांचे हजेरी क्रमांक पाठ. निवृत्त झाल्यावर कारेलीबागेत तळमजल्यावर राहायचे आणि घरी शिकवण्या घ्यायचे. मुलगा पुण्याला. नवराबायको दोघंच. काकू मोठ्या हौशी, सत्तरीला टेकल्या तरी नवरात्रात नऊही दिवस सोसायटीच्या गरब्यात, आणि ते कडेकडेनं नाही, मधल्या गोलात! मी गाडी बघायला गेलो की आधी खायला, मग काम. "विनू, हात धू आणि बस. गाडी कुठं पळून जात नाहीये."

एका रविवारी मी सरांच्या गाडीचे पॅड बदलायला गेलो. सर वही घेऊन शेजारी वेताचा मोडा टाकून बसले. म्हणाले, "आज मला शिकव. पुढच्या वेळी मी घरच्या घरी करणार." म्हणजे एक गिऱ्हाईक गेलं, पण सर होते, नाही कसं म्हणणार? मी करत गेलो, सांगत गेलो, ते लिहीत गेले. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करायचे, मग जॅक. जॅकवर भरवसा नाही, खाली ठोकळा द्यायचा. चाक काढून गाडीखाली सरकवून ठेवायचं. कॅलिपरचा, म्हणजे पॅड नि पिस्टन धरणाऱ्या कवचाचा, खालचा बोल्ट काढायचा. कॅलिपर तेलाच्या नळीवर लोंबू द्यायचा नाही, तारेनं बांधायचा. सर मध्येच थांबवायचे, "का?" मी सांगायचो, ते मान हलवायचे, पुढं लिहायचे. खरं सांगतो, मला मजा येत होती. आयुष्यात पहिल्यांदा टिपणीस सर माझं ऐकून घेत होते.

तेवढ्यात सोसायटीतले तिघेचौघे जमले. कोणीतरी विचारलं, "सर, आ कोण?" सर हसत म्हणाले, "हा विनायक, माझा विद्यार्थी. गणितात कच्चा होता, म्हणून बोल्ट आवळतोय. आणि आता कळलं, यात आहे काय? चार बोल्ट खोलायचे, चार लावायचे. पाचवीतलं पोर करेल." सगळे खो खो हसले. मीही हसलो. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, ते असंच बोलायचे. पण मला लागलं. असं लागलं की हातातला पाना फेकावासा वाटला. तीस वर्षं उन्हातान्हात गाडीखाली पाठ घासली, ती पाचवीतल्या पोराच्या कामासाठी होय!

काम पुरं केलं. नवे पॅड बसवायच्या आधी पिस्टन आत दाबावा लागतो, कारण नवा पॅड जाड असतो. तेही शिकवलं. चाक चढवलं, नट फुलीच्या क्रमानं आवळले. सरांनी लिहिलं, सोळा पायऱ्या झाल्या. आता सतरावी.

पिस्टन आत दाबलेला असतो, म्हणून पॅड आणि डिस्क यांच्यात फट राहते. काम झाल्यावर पहिल्यांदा पेडल दाबाल तर ते सरळ तळाला जातं, ब्रेक लागतच नाही. म्हणून गाडी जागची हलवायच्या आधी पेडल पाचसहा वेळा दाबायचं. पिस्टन हळूहळू बाहेर येतो, पॅडला टेकतो, पेडल कडक होतं. दहा सेकंदांचं काम. न केलं तर गाडीला पहिल्या दाबाला ब्रेक नाही.

मी गाडीत बसलो नि पेडल दाबायला लागलो. सर खिडकीशी आले. "काय करतोयस?"

मी म्हटलं, "काही नाही सर. सीट बघतोय."

झालं. पाच शब्द. मगनकाकांनी मला तीन वर्षं चहाला पाठवलं, मी सरांना सीट सांगितली. मनात काय होतं तेही सांगतो. मला वाटलं, पुढच्या वेळी सर स्वतः करतील, दारातल्या दारात पेडल दाबून बघतील, ते तळाला जाईल, घाबरतील आणि मला फोन करतील, "विनायक, अरे ब्रेकच लागत नाहीत!" मग मी जाईन, सगळ्यांच्या देखत पाच वेळा पेडल दाबीन आणि विचारीन, "पाचवीतलं पोर कुठाय, सर?" एवढंच हवं होतं मला. कोणाचं वाईट व्हावं असं नव्हतं. पण ब्रेकसारख्या गोष्टीत मी हे केलं, आणि काय होऊ शकतं हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सर गाडी खूप चालवायचे, पुण्याला तर वर्षातून दोनदा जायचे, तरी पॅड तीन वर्षं टिकले. पहिल्या वर्षी मी फोनची वाट बघत होतो. नंतर विसरलो.

तिसऱ्या वर्षी अष्टमीला सरांनी पॅड बदलले. हे मला नंतर कळलं. कोणी म्हणालं होतं, मोबाइलवर बघून करा, तर सर म्हणाले, "मला विनायकनं शिकवलंय, वहीत आहे." वहीतल्या सोळाच्या सोळा पायऱ्या त्यांनी टिकमार्क करत केल्या. मी नंतर ते काम पाहिलं, माझ्याइतकं नीट होतं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, वापरत नाहीत. सरांनी गाडी धुतली, पाने पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि गाडी जागची हलवली नाही. दसऱ्याला पूजा होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. एरवी कोणीही काम झाल्यावर एक चक्कर मारतो. फाटकाशी कळलं असतं, कोणी पुढं उभं नसतं. आमच्या माणसांची गाडी मात्र दोन दिवस तशीच उभी, आणि तिची पहिली हालचाल व्हायची ती चाकाखालची लिंबं चिरडायला, घरचं माणूस आरती घेऊन समोर उभं असताना.

दसऱ्याच्या सकाळी मी फाफडा-जलेबीच्या रांगेत उभा होतो. बडोद्यात त्या दिवशी सगळं गाव त्याच रांगेत असतं. सोसायटीतल्या एकाचा फोन आला. "विनूभाई, जल्दी आवो. काकीने वाग्युं छे." काकूंना लागलंय.

झालं होतं ते असं. काकूंनी ओवाळलं, सोनं वाहिलं आणि ताट घेऊन समोर कंपाउंडच्या बुटक्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. सरांनी गाडी सुरू केली, जरा पुढं घेतली, लिंबं फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी क्लच आणि ब्रेक दाबले. ब्रेकचं पेडल तळाला गेलं. क्लच दाबल्यामुळं गाडी मोकळी, आणि तिथं जमीन भिंतीकडं उतरती. चारपाच फूटच गेली असेल. काकूंची उजवी मांडी बंपर आणि भिंत यांच्यामध्ये सापडली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांना आत नेलं होतं. बाहेर बाकावर सर बसले होते, धोतरावर कुंकू सांडलेलं, हातात ती वही. आजूबाजूला सोसायटीची माणसं. कोणीतरी पुण्याच्या मुलाला फोन लावून स्पीकरवर टाकलं होतं, आणि तो ओरडत होता, "कोणी शिकवलं बाबांना हे? त्या मेकॅनिकनं? मी पोलिसात देतो त्याला!"

सरांनी मला बघितलं. वही पुढं केली. "विनायक, मी सोळाच्या सोळा केल्या रे. मग ब्रेक का नाही लागला?"

मी म्हटलं, "पेडल पंप करायचं असतं सर. हलवायच्या आधी."

त्यांनी वही उघडली, बोटानं एकेक ओळ बघितली. दोनदा. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "हे वहीत नाही. तू सांगितलं असशीलच. मीच लिहायला विसरलो का?"

स्पीकर चालू होता. माणसं माझ्याकडं बघत होती. माझी दोन पोरं शिकत होती, बायकोला साखरेचा आजार, आणि पोलीस हा शब्द अजून हवेत होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि सगळी फालतू आहेत.

मी म्हटलं, "हो सर. सांगितलं होतं."

सरांनी वही मिटली. फोनकडं वळून मुलाला सांगितलं, "ऐक. विनायकचा दोष नाही. त्यानं सांगितलं होतं. मी विसरलो."

काकूंचं ऑपरेशन झालं, मांडीत सळई घातली. चालायला लागल्या त्या वॉकर घेऊन, तेही स्वयंपाकघर ते पलंग एवढंच. पुढच्या नवरात्रात त्यांना खुर्चीवर बसवून गरबा बघायला आणलं तर पहिल्याच टाळीला म्हणाल्या, "मला घरी न्या." हे मी ऐकलं. मी तिथंच होतो, खुर्ची मीच उचलून आणली होती.

पण काकूंची मांडी गाडीनं मोडली. सरांचं जे मोडलं ते मी माझ्या तोंडानं मोडलं. त्या माणसाला आयुष्यभर एकाच गोष्टीचा भरवसा होता, स्वतःच्या डोक्याचा. तो गेला. गॅसचं बटण तीनतीनदा बघायला लागले. फळ्यावर गणित मांडता मांडता थांबायचे आणि मुलांना विचारायचे, "बरोबर आहे ना रे?" बरोबरच असायचं. दोन महिन्यांत शिकवण्या बंद केल्या. "ब्रेकसारखी गोष्ट जो विसरतो, त्यानं दुसऱ्यांच्या मुलांना काय शिकवावं?" असं सगळ्यांना सांगायचे. आणि वर सांगायचे, "विनायकनं मला तेव्हाच बजावलं होतं." कारेलीबागेत माझं नाव झालं. सोसायटीतली माणसं मला आग्रहानं बोलवायला लागली. पक्का माणूस, सगळं नीट समजावून सांगतो!

दीड वर्षानं मुलगा दोघांना कायमचं पुण्याला न्यायला निघाला. सामान बांधणं चाललं होतं. आता नाही तर कधीच नाही, म्हणून मी गेलो. मुलगा पॅकिंगवाल्यांशी बाहेर बोलत होता. सर आत टेबलापाशी बसून काहीतरी लिहीत होते. काकू पलंगावर.

मी उभ्यानंच म्हटलं, "सर, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. पेडलचं. तुम्ही काही विसरला नाहीत. मी खोटं बोललो."

सरांनी चष्मा काढला. माझ्याकडं बघून गोड हसले. "अगं ऐकलंस का? मला बरं वाटावं म्हणून हा सगळं स्वतःवर घेतोय."

"नाही सर! देवाशपथ सांगतो. मी मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, पाचवीतलं पोर करेल म्हणून, त्याचा मला राग आला होता."

"असं बोललो मी?" सर म्हणाले. "छे. तुझ्या कामाबद्दल? मी नाही असं बोलणार."

माझा आवाज चढला. "सर, तुम्ही खिडकीशी आलात. मी पेडल दाबत होतो. तुम्ही विचारलंत, काय करतोयस. मी म्हटलं, सीट बघतोय. आठवा ना!"

सर आठवायला लागले. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, खरंच मनापासून. मी बघत होतो. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"नाही रे," ते म्हणाले. "यातलं काहीच आठवत नाही. म्हणजे मी समजत होतो त्यापेक्षा जास्तच आहे हे."

त्यांनी टेबलावरचा कागद पुढं ओढला. पुण्यात मुलानं कोणा मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, त्यांना दाखवायला सर स्वतः विसरलेल्या गोष्टींची यादी करत होते. नेहमीचं सुरेख अक्षर, क्रमांक घालून. मी पुढं होऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"बरं झालं तू सांगितलंस," म्हणाले, आणि खाली लिहिलं: '९. विनायकशी गाडीच्या खिडकीत झालेले बोलणे.'